अनोळखी सहखेळाडू आणि ‘कच्चं लिंबू’ : ऑनलाइन सामूहिक खेळांच्या रचनेची एक चिकित्सा

खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे योहान हाउझिंगा यांच्या ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथाने दाखवून दिले. मराठीत मात्र संगणकीय खेळांची चर्चा व्यसन आणि वेळेचा अपव्यय यांपलीकडे क्वचितच जाते. त्यामुळे अनोळखी खेळाडूंसोबत मोहीम खेळताना येणारा वैताग ‘हल्लीच्या मुलांचा उतावळेपणा’ म्हणून सहज निकालात काढला जातो. प्रस्तुत लेखात या वैतागाचे मूळ खेळाडूंच्या स्वभावापेक्षा खेळाच्या रचनेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ मध्ये आला. त्यातील गुहांच्या मोहिमेसाठी साधारणतः पाच जण लागतात: शत्रूचे घाव अंगावर घेणारा एक, जखमा भरणारा एक आणि प्रहार करणारे तिघे. प्रारंभी हा चमू खेळाडूंनाच जमवावा लागे. त्यास वेळ लागे, पण एकाच सर्व्हरवरील लोक पुन्हा भेटत असल्याने लबाडी करणाऱ्याचे नाव खराब होई. डिसेंबर २००९ मध्ये निरनिराळ्या सर्व्हरवरील अनोळखी खेळाडूंची आपोआप सांगड घालणारी सोय आली. प्रतीक्षा घटली; पण त्याचबरोबर लौकिकाचा धाकही गेला. पुढचा खेळाडू कोणासाठी न थांबता धावतो, मागचा मरतो आणि दोष जखमा भरणाऱ्याच्या माथी येतो. मोहीम संपताच पाचही जण पांगतात, बहुधा कायमचे. भावी भेटीची शक्यता हाच सहकार्याचा आधार असतो, हे रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ मध्येच मांडले होते. येथे नेमका तोच आधार काढून घेतलेला आहे.

अनोळखीपण हे स्वतः वैतागाचे कारण नव्हे. पालघर तालुक्यातील माकुणसारसारख्या गावांतून केळवे रोड वा सफाळे स्थानक गाठून मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदारांचे उदाहरण घेता येईल. डब्यातील माणसे आरंभी परकीच असतात. परंतु गाडी तीच, डबा तोच आणि उद्या पुन्हा तेच चेहरे. लोकलमधील भजनी मंडळे अशाच नित्य पुनर्भेटीतून उभी राहिली.

गावच्या अंगणातील खेळात आणखी एक तरतूद असते. लहान किंवा नवख्या गड्याला ‘कच्चं लिंबू’ ठरवून खेळात घेतले जाते. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, आणि पाहता पाहता तो खेळ शिकतो. ही सवलत लिखित नियमात नसते, गडी ती आपापसांत ठरवतात. त्यासाठी ओळख लागते, निदान सवड तरी लागते. यंत्राने जुळवलेल्या चमूत दोन्ही नाहीत. तेथे नवख्यासाठी जी तरतूद हाताशी असते, ती मतदानाने बाहेर काढण्याची. (रडीचा डाव खेळणाऱ्यासाठी असलेले हत्यार कच्च्या लिंबावर चालवले जाते, हे विशेष.)

भारतात हा अनुभव सर्वदूर नेला तो मोबाइलवरील ‘पब्जी’ने आणि, त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यानंतर, २०२१ साली आलेल्या ‘बीजीएमआय’ने. चौघांच्या चमूत यंत्राने आणून बसवलेल्या सोबत्याला खेळाडू ‘रँडम’ म्हणतात. या संबोधनात माणूस उरत नाही. घायाळ सोबत्याला उठवायचे तर स्वतः धोका पत्करावा लागतो, आणि लवकर बाद झाल्यास श्रेणीचे गुण जातात. अशा हिशेबात ‘रँडम’साठी थांबणे तोट्याचेच ठरते.

याउलट ‘जर्नी’ (२०१२) या खेळात वाटेत एकच अनोळखी सोबती भेटतो. त्याच्याशी बोलता येत नाही, केवळ एक नाद काढता येतो; त्याचे नावही खेळ संपल्यावरच कळते. पुनर्भेटीची हमी येथेही नाही. तरीही खेळाडू एकमेकांसाठी थांबतात, कारण सोबत्याच्या जवळ असण्याने बळ वाढते आणि लूट वाटून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ॲक्सेलरॉड यांच्या सूत्रात हे उदाहरण पुरते बसत नाही. पुनर्भेट नसली तरी चालते, मात्र मग सोबत्याच्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागता कामा नये. आणि श्रेणी व लूट यांवर उभ्या असलेल्या खेळांना नेमके हेच परवडत नाही.