‘फरक नाही’, पण कोणत्या तापमानांत?

2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला ‘प्रोटेक्ट’ अभ्यास तुमच्यापैकी काहींनी जर्नल क्लबसाठी उघडला असेल. तो एका ओळीत असा सांगितला जातो: ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला उबदार ठेवून काही फायदा नाही. ही ओळ मला खटकते.

आधी त्याची ताकद बघू. 5,056 रुग्ण, बहुतेक चीनमधले. एका गटाचं आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसवर ठेवलं, दुसऱ्याचं 35.5 च्या आसपास. हृदयाच्या स्नायूला इजा, हृदय बंद पडणं किंवा 30 दिवसांत मृत्यू, यांपैकी काहीतरी झालेले रुग्ण अनुक्रमे 9.9 आणि 9.6 टक्के. जखमेच्या संसर्गातही फरक दिसला नाही. इतका मोठा अभ्यास झटकून टाकता येत नाही.

आता 1996 चा, ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला कुर्झ, सेसलर आणि लेनहार्ट यांचा पेपर शेजारी ठेवा. (सेसलर दोन्हीकडे आहेत, हे मला भारी वाटतं.) मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचे 200 रुग्ण, संसर्ग थंड गटात 19 टक्के, उबदार गटात 6. पण इथे ‘थंड’ म्हणजे सरासरी 34.7! शरीर इतकं गार झालं की त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला ऑक्सिजन कमी पोचतो. प्रोटेक्टनं 34.7 तपासलंच नाही. त्याच्या ‘थंड’ गटालासुद्धा तापमान 35.5 च्या खाली जाऊ लागलं की ऊब दिली जायची.

अर्थात 1996 चा पेपरही डोळे झाकून घेऊ नका. बेत 400 रुग्णांचा होता, 200 वरच थांबवला. असे अभ्यास परिणाम फुगवून दाखवू शकतात. शेवटी सगळा डोलारा 18 विरुद्ध 6 संसर्गांवर उभा आहे.

आणि प्रोटेक्टमध्ये घेतलं कोणाला? 45 किंवा जास्त वयाचे, हृदयविकाराचा धोका असलेले, तारीख ठरवून दाखल झालेले. समजा, चाकणच्या प्रेसशॉपमध्ये हात सापडलेला 26 वर्षांचा कंत्राटी कामगार रात्री पुणे-नाशिक रस्त्यानं पिंपरीच्या वायसीएमला आणला. तो या अभ्यासात बसतच नाही. रक्त गेल्यानं तो टेबलावर येतानाच गार असू शकतो, आणि गार शरीरात रक्त गोठायला वेळ लागतो. कोमट सलाइन, गरम हवेचं ब्लँकेट, ओटीचा एसी जरा आवरणं, यातलं काहीही त्याच्यासाठी अनावश्यक आहे असं हा पेपर म्हणत नाही.

पुढच्या वेळी हा पेपर मांडाल तेव्हा फळ्यावर आधी 35.5 आणि 34.7 लिहा, मग टक्केवारीकडे वळा.