नोंदवहीतला क्षय

क्षयरोगाचे आकडे वाचताना ‘रुग्ण’ या शब्दावर आपली नजर थांबते आणि त्याच्या शेजारचा ‘नोंद’ हा शब्द निसटतो. माझा आक्षेप या निसटण्याला आहे.

२०१२ साली केंद्र सरकारने क्षय हा अधिसूचित रोग ठरवला. खासगी डॉक्टरांनाही रुग्ण कळवणे बंधनकारक झाले. पुढे नोंदी वाढत गेल्या. त्या वाढीत नव्याने जडलेला आजार किती आणि आधी दडलेला किती, हे एकटी बेरीज सांगत नाही. याउलट २०१९मध्ये सुमारे २४ लाख असलेली देशातली नोंद २०२०मध्ये १८ लाखांवर आली. टाळेबंदीत दवाखान्यापर्यंतची वाट बंद होती, तपासणीची यंत्रे करोनाच्या कामाला जुंपली होती. जंतूने मात्र टाळेबंदी पाळली नव्हती. आलेखाची उतरती रेघ पाहून समाधान मानणे म्हणजे वही मिटली की उधारी फिटली असे समजणे होय.

या वहीबाहेर काय आहे, याची झलक २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाने दिली. कर्मचारी स्वतः वस्तीवर गेले. लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के हातचे सुटले असते. केवळ खोकला-ताप विचारून ते कळले नसते.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. सर्वेक्षण त्या वेळी समाजात असलेले रुग्ण मोजते, नोंदवही वर्षभरात दाखल झालेले. एक तळ्यातला साठा, दुसरा पाटाचा ओघ. दोन्हींची थेट वजाबाकी करून ‘इतके रुग्ण गायब’ असे छापणे हेही कच्चे वाचन आहे.

म्हणून जिल्ह्याचा आकडा समोर आला की मी तीन प्रश्न विचारतो : तपासण्या किती झाल्या? कोणत्या पद्धतीने? आणि खासगी दवाखान्यांतून किती कळवले गेले? तपासण्या वाढूनही रुग्ण घटले, तर आनंद मानावा. तपासण्याच घटल्या असतील, तर त्या घसरणीत कुणाचा तरी खोकला न ऐकलेला राहिला आहे आणि तो घरातल्या पोरांपर्यंत पोचतो आहे.

संहितेतल्या गाळलेल्या जागा वाचणे हे समीक्षेचे जुनेच काम. सरकारी तक्ता हीही एक संहिताच आहे.