कुलूपबंद बायबल

मार्गारेट अ‍ॅटवुड या कॅनेडियन लेखिकेची ‘द हँडमेड्स टेल’ ही १९८५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी ख्रिस्ती वाचकाच्या हाती येते, तेव्हा प्रथम एकच शंका उभी राहते : हे पुस्तक आपल्या श्रद्धेवर घाव घालणारे तर नाही ना?

शंकेला कारण आहे. अमेरिकेतील लोकशाही उलथवून धर्माच्या नावाने स्थापन झालेल्या ‘गिलियड’ राज्याची ही कथा. उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात राहेल आपली दासी बिल्हा याकोबाला देते. त्या प्रसंगाचा आधार घेऊन येथील सत्ताधीश प्रजननक्षम स्त्रियांना अधिकाऱ्यांच्या घरी केवळ अपत्यप्राप्तीसाठी ठेवतात. निवेदिकेचे मूळ नावही पुसले गेले आहे. ती आता फक्त ‘फ्रेडची’. लग्नानंतर मुलीचे नावच बदलणाऱ्या आपल्या समाजाला हे अगदीच परके वाटू नये.

परंतु लक्षपूर्वक वाचले तर लेखिकेचा रोख निराळा असल्याचे ध्यानी येते. गिलियडमध्ये स्त्रियांना वाचनाची बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवरही अक्षरांऐवजी चित्रे आहेत. बायबल पेटीत कुलूपबंद असते आणि घरधन्यानेच ते काढून वाचायचे. परिणामी शास्त्रात हवी ती भर घालता येते. धन्यवचनांमध्ये मौनाची थोरवी सांगणारे एक बनावट वचन घुसडले जाते. मार्क्सचे सूत्र संत पौलाच्या नावावर खपवले जाते. निवेदिकेला बनावट वचनाची लबाडी कळते, मात्र पडताळून पाहण्याचे साधन तिच्यापाशी नाही. याच राज्यात कॅथलिक धर्मगुरूंना फाशी देऊन भिंतीवर टांगले जाते, धर्मभगिनींना व्रत मोडण्यास भाग पाडले जाते. आणि निवेदिका? ती एकांतात प्रभूची प्रार्थना आपल्या शब्दांत करते. येथे श्रद्धा नव्हे, श्रद्धेची चोरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे.

कादंबरीत एक उणीव मात्र जाणवते. तिच्यातील अधिकारी स्वतःच नियम मोडणारा ढोंगी आहे. ढोंग्याला ओळखणे सोपे असते. मनापासून श्रद्धाळू असलेली, सद्हेतूची माणसे स्त्रीला गप्प कशी बसवतात, हा अवघड प्रश्न येथे पुरेसा उलगडत नाही.

त्याचे उत्तर आपल्या मराठी मातीत सापडते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून सनातन्यांचा रोष पत्करून त्यांना गंगामूळच्या रानात बिऱ्हाड करावे लागले. तेथेच १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनीच आक्षेप घेतला. त्यांच्यावर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डीनही त्यांच्याकडून आज्ञापालनाची अपेक्षा धरीत. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर मी दुसरे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि प्रश्न विचारणेही सोडले नाही. दौंड तालुक्यातील केडगाव येथे हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी साध्या मराठीत बायबल उतरवले. मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी ते छापले गेले. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे कार्य चालू होते. गिलियडच्या पेटीला याहून समर्पक उत्तर कोणते?

आमच्या ख्रिस्तसभेत वाचकपदाची विधिवत नेमणूक स्त्रियांसाठी खुली झाली ती पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने, जानेवारी २०२१ मध्ये. त्यापूर्वी अनेक वर्षे स्त्रिया मिस्सात वाचन करीतच होत्या. धायरीतील कुटुंबांत बायबल कुलपात नाही, कपाटात असते. सायंप्रार्थनेच्या वेळी ते मुलीच्या हाती देऊन तिने उतारा वाचल्यावर “यातून तुला काय उमजले?” असे आपण विचारतो काय? आणि तिचे उत्तर आपल्याला अडचणीचे वाटले, तरी पूर्ण ऐकून घेतो काय? धर्मगुरूंसह आपण सर्वांनी ही कादंबरी वाचावी, ती या प्रश्नासाठी.