वीस आठवडे, पण बोललं कोण?

'इंटर्नशिप किती आठवड्यांची असावी?' शिक्षक-शिक्षणात संशोधन करू पाहणारे बरेचजण इथूनच सुरुवात करतात. मीही केली होती. हा प्रश्न का पुरत नाही, ते आज सांगतो.

2012 मध्ये न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल आला. पुढे एनसीटीईच्या 2014 च्या नियमावलीनं बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि शालेय आंतरवासिता किमान 20 आठवड्यांची. पाऊल योग्यच होतं. पण त्यामुळे वेळ वाढला. नातं बदललं का?

माझंच उदाहरण घ्या. आठवीला घर्षण शिकवायचं होतं. टाचणात प्रयोग, गटचर्चा, सगळं होतं. शाळेतले सर म्हणाले, "तास 35 मिनिटांचा, पोरं 60. आधी व्याख्या फळ्यावर लिही." तसं केलं. कॉलेजच्या मॅडमनी शेरा दिला, 'विद्यार्थी सहभाग कमी'. आपापल्या जागी दोघंही बरोबर. पण ते एकमेकांशी कधी बोललेच नाहीत. मी मात्र दोन प्रकारे शिकवायला शिकलो: निरीक्षण असलं की एक, नसलं की दुसरं.

आता ऑक्सफर्ड विद्यापीठानं 1987 मध्ये परिसरातल्या शाळांसोबत सुरू केलेली इंटर्नशिप योजना बघा. डोनाल्ड मॅकिन्टायर तिच्या प्रमुख विचारवंतांपैकी एक. योजनेतली महत्त्वाची कल्पना अशी: विद्यापीठातला सिद्धान्त आणि शाळेतला अनुभव, दोन्ही तपासून घ्यायचे, कुणाचाच शब्द अंतिम नाही. म्हणून शाळेतला मार्गदर्शक आणि विद्यापीठातला प्राध्यापक कार्यक्रम मिळून आखतात. मतभेद लपवायचे नसतात, ते अभ्यासाचं साहित्य असतं.

ही योजना उचलून जशीच्या तशी इथे आणा, असं मी म्हणत नाही. तिथला अभ्यासक्रम एक वर्षाचा, पदवीनंतरचा. शिवाय आपल्या शाळेतल्या सरांना सहा तासिका, पेपर तपासणी आणि वरून सर्वेक्षणाची कामं. त्यांनी बोलायचं कधी? वेळ न देता 'मार्गदर्शक' म्हणणं म्हणजे नुसती पाटी लावणं.

तेव्हा तुमचा प्रश्न असा मांडून बघा: एकाच पाठावर शाळेतले आणि कॉलेजचे शेरे कुठे जुळतात, कुठे भांडतात, आणि छात्राध्यापक त्यातून वाट कशी काढतो? पाठांच्या वह्या आणि मोजक्या मुलाखती, एवढ्यावर सुरुवात होते. आठवडे मोजणं सोपं आहे, म्हणूनच आपण तेच मोजत बसतो.