योसी, जॅगर आणि मनोधैर्याचा प्रश्न

गे सैनिक उघडपणे राहिले तर तुकडीचं मनोधैर्य खचतं, हे वाक्य बरीच सैन्यं इतक्या ठामपणे म्हणत आलीयेत की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचतच नाही. मला या वाक्याची सगळ्यात चांगली उलटतपासणी सापडली ती एका इस्रायली सिनेमात आणि दहा वर्षांनी आलेल्या त्याच्या पुढच्या भागात. दिग्दर्शक एकच, एतान फॉक्स. पहिला 'योसी अँड जॅगर' (२००२), दुसरा नुसता 'योसी' (२०१२). दुसऱ्या नावातून जॅगर का गळला ते पहिला पाहिल्यावर कळतं. (पुढे स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.)

पहिला सिनेमा तासाभराचाच. लेबनॉनच्या सीमेवरची बर्फाळ चौकी, कोंदट बंकर, कंटाळलेली पोरं. योसी तिथला कमांडर. जॅगर त्याच्या हाताखालचा अधिकारी. दिसायला रॉकस्टारसारखा, म्हणून हे टोपणनाव. दोघांचं प्रेम आहे आणि कुणालाच माहीत नाही. गंमत म्हणजे इस्रायलने याबाबतचे नियम १९९३ मध्येच बदलले होते. म्हणजे कागदावर त्यांना कुणी अडवलेलं नाही. तरी योसीला हे गुपितच ठेवायचंय आणि जॅगरला त्या गुपिताचा कंटाळा आलाय. नियम बदलला म्हणजे माणसाच्या आतली भीती गेली असं होत नाही, हे फॉक्स एकही भाषण न देता दाखवतो.

मग वरिष्ठांच्या हट्टापायी, योसीचा विरोध असताना, रात्रीची एक मोहीम निघते आणि जॅगर मरतो. शेवटच्या प्रसंगात योसी त्याच्या घरी बसलाय. एका मुलीचं जॅगरवर एकतर्फी प्रेम होतं; आई तिलाच त्याची मैत्रीण समजते. आपल्याला मुलाची नीट ओळखच नव्हती, त्याचं आवडतं गाणं कोणतं तेही माहीत नाही, असं आई म्हणते. उत्तर योसी देतो. खोलीत शोक करायचा सगळ्यात जास्त हक्क ज्याचा, तो तिथे फक्त 'कमांडर साहेब' आहे.

या प्रसंगाला रडू येतंच. पण मला रागही आला. सिनेमाने प्रश्न उभा केला, 'उघड झालं तर काय होईल?', आणि उत्तर यायच्या आत ते उघड करू पाहणाऱ्यालाच मारून टाकलं. गे प्रेमकथेत एकाने मरायचं, ही फार जुनी पळवाट आहे.

खऱ्या जगात मात्र उत्तर आलेलं आहे. अमेरिकेत १९९३ पासून 'विचारू नका, सांगू नका' हे धोरण होतं. त्यात १३ हजारांहून अधिक सैनिक नोकरीतून गेले. ते रद्द करायच्या आधी, २०१० मध्ये, पेंटागॉनने मोठा सर्व्हे केला. १ लाख १५ हजारांवर सैनिकांनी उत्तरं दिली. मरीन्सच्या लढाऊ तुकड्यांमध्ये नाराजी बरीच जास्त होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती 'पुढे काय होईल' या प्रश्नावरची नाराजी होती. ज्यांना आपल्या तुकडीत गे सहकारी असल्याचं वाटत होतं, त्यांच्यातल्या ९२ टक्क्यांनी तुकडीचं एकत्र काम अतिशय चांगलं, चांगलं किंवा 'ना चांगलं ना वाईट' असं सांगितलं. (हा तिसरा पर्यायही त्यात धरलाय, तेवढं लक्षात ठेवा.) मी सॉफ्टवेअरवाला असल्याने मला हा फरक ओळखीचा आहे: मीटिंगमध्ये 'हे लाइव्ह केलं तर सिस्टिम झोपेल' असं म्हणणं वेगळं आणि लाइव्ह झाल्यावर लॉग उघडून बघणं वेगळं.

ब्रिटनमध्ये तर युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९९ मध्ये या युक्तिवादाच्या मुळालाच हात घातला. मनोधैर्य खचेल ते कशामुळे? तर इतर सैनिकांच्या नावडीमुळे. मग वेगळ्या वंशाच्या, रंगाच्या सैनिकाबद्दलची नावडही आपण ग्राह्य धरतो का? जानेवारी २००० मध्ये बंदी उठली आणि ब्रिटिश सैन्य कोसळलं नाही. २०२३ मध्ये पंतप्रधान सुनक यांनी बंदीच्या काळासाठी संसदेत माफी मागितली.

'योसी'कडे वळू. दहा वर्षांनंतर योसी हृदयरोगतज्ज्ञ झालाय. वजन वाढलंय, घर अंधारं, गुपित अजून तसंच. दक्षिणेकडे जाताना तो बस चुकलेल्या काही तरुण सैनिकांना गाडीत घेतो. त्यातला टॉम गे आहे आणि बाकीच्यांना ते माहीत आहे. गाडीत गाणी, चेष्टामस्करी, भंकस. बस्स. कुणाचंही मनोधैर्य वगैरे काही होत नाही! आणि चाकामागे बसलेला योसी हे ऐकतोय. ज्याने तुकडीच्या नावाखाली आयुष्य झाकून घालवलं, त्याला ही पोरं परग्रहावरची वाटत असणार. प्रेमकथा म्हणून हा भाग पहिल्याइतका घट्ट नाही, टॉम जरा जास्तच आयता भेटतो. पण युक्तिवाद म्हणून मला हाच जास्त धीट वाटतो. पहिल्या भागाने टाळलेलं उत्तर तो एका गाडीच्या प्रवासात, कंटाळवाणं करून देतो.

एक खटकणारी गोष्ट. दोन्ही सिनेमे या सैन्याच्या लढाईबद्दल फारसं विचारत नाहीत. गे सैनिकाला सामावून घेणारं सैन्य तेवढ्यामुळे न्यायी ठरत नाही, तो हिशोब वेगळा मांडावा लागतो.

आपल्याकडे ३७७ वरचा निकाल २०१८ मध्ये लागला. पुढच्याच जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सैन्य परंपरावादी आहे, इथे हे चालणार नाही, असं सांगितलं. २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनिर यांच्या पटकथेला संरक्षण मंत्रालयाने परवानगी नाकारली. लष्कर सोडलेल्या एका गे मेजरच्या अनुभवावरून सुचलेली ती गोष्ट होती. काश्मीरमधला जवान आणि तिथला मुलगा यांच्या प्रेमामुळे लष्कराची प्रतिमा डागाळते आणि सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो, असं कारण संसदेत दिलं गेलं. म्हणजे आपल्याकडे टॉमची गाडी फार पुढची गोष्ट, अजून बर्फातल्या त्या चौकीचंही शूटिंग सुरू झालेलं नाही.