बुद्धीचें माप

मुलाचें सामर्थ्य एका आंकड्यांत मावतें काय, हा प्रश्न परीक्षार्थी असलेल्या प्रत्येक घराचा आहे. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांचा ‘द मिसमेझर ऑफ मॅन’ (१९८१) हा ग्रंथ याकरितांच आजही वाचावयास हवा.

१९०५ सालीं पॅरिस येथें आल्फ्रेद बिने यांनीं आपली चाचणी सिद्ध केली, ती शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांना साह्य देण्यासाठीं. अमेरिकेंत तीच कल्पना माणसांवर शिक्के मारण्याच्या कामीं लागली. पहिल्या महायुद्धांत सुमारें साडेसतरा लक्ष सैनिकांची परीक्षा झाली. तींत अमेरिकन व्यापारी मालाचीं नांवेंही विचारलीं होतीं. तीं ज्या नवख्या परदेशीयास ठाऊक नव्हतीं, त्याची बुद्धि बेताची ठरली! अमेरिकेंतील वास्तव्याचीं वर्षें वाढत तसे गुणही वाढत, हें त्याच आंकड्यांत दिसत होतें. तरीही कार्ल ब्रिगॅम यांनीं १९२३ सालीं त्यांवर वंशश्रेष्ठत्वाचा इमला उभारला. १९३० सालीं त्यांनींच तो मोडीत काढिला. पण परदेशीयांची आवक आवळणारा कायदा १९२४ सालींच होऊन गेला होता.

समूहाविषयींचा आंकडा व्यक्तीच्या डोक्यांतील वस्तु समजणें, हा गूल्ड यांच्या मतें मूळ प्रमाद होय. आमच्याकडील प्रवेशपरीक्षांचे पर्सेंटाइल वाचतांना हें ध्यानांत ठेवावें. ९० पर्सेंटाइल म्हणजे शेंकडा ९० गुण नव्हेत. बसलेल्यांपैकीं शेंकडा ९० जणांना तितके वा त्याहून कमी गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. गुणांची मांडणी घंटेच्या आकाराची, सरासरी १०० व प्रमाण-विचलन १५ मानल्यास, ८५ ते ११५ यांमध्यें सुमारें दोनतृतीयांश मुलें येतात. तेथें ५० वरून ५५ पर्सेंटाइलवर जाण्यास जेमतेम दोन गुण पुरतात. ९४ वरून ९९ वर जाण्यास अकराहून अधिक लागतात. म्हणजे मधल्या गर्दींत एखादा प्रश्न चुकल्यानेंही मूल पुष्कळांच्या मागें पडतें. त्यावरून त्याची बुद्धि जोखणें हा अन्याय आहे.

ग्रंथ निर्दोष नाहीं. मॉर्टन यांनीं कवट्यांचीं मापें पूर्वग्रहामुळें झुकविलीं, हा गूल्ड यांचा आरोप होता. २०११ सालीं त्या कवट्या पुन्हां मोजणाऱ्या संशोधकांना तीं मापें बहुतांशीं बरोबर आढळलीं. पूर्वग्रह दाखविणाराही त्यांतून सुटत नाहीं, हें वाचकानें जाणून असावें. परंतु ग्रंथाचा मुख्य मुद्दा यानें ढळत नाहीं. निकालाच्या दिवसापूर्वीं पालकांनीं तो अवश्य वाचावा.