गायतोंडे यांच्या चित्रांचा पोत

'पोत' हा शब्द मराठी समीक्षेने इतका सैल वापरला आहे, की आता कवितेला पोत असतो, कादंबरीच्या निवेदनाला असतो, नाटकाच्या संवादांनाही असतो. शब्द मुळात कापडाचा. कॅनव्हास हे तर कापडच. पण चित्राविषयी लिहायची वेळ आली की आपण पोत सोडतो आणि थेट मौनाकडे वळतो. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या वाट्याला हे सर्वाधिक आले.

झेन, ध्यान, एकांत यांची ओढ त्यांना होती, हे कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की चित्रात ते नेमके कुठे दिसते? कुंचला मागे ठेवून त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. रंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, काही खरवडायचे. पुढे फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून तो उचलायचा. लिपीसारख्या भासणाऱ्या अनेक खुणा अशा उमटल्या आहेत. त्यांची कड रेषेची नाही, फाटलेल्या कागदाची आहे. ती कुठे थांबेल याचा काही हिशोब कागदाचा, बाकीचा गायतोंड्यांचा. हा हिशोब वगळून 'साक्षात्कार' म्हटले की चित्रकाराचे कष्ट पुसले जातात.

यात छपाईचाही दोष आहे. आपल्यापैकी बहुतेकांना गायतोंडे भेटले ते गुळगुळीत आर्ट पेपरवर (दिवाळी अंकही त्याला अपवाद नाहीत). तिथे सगळ्या चित्रांना एकच पृष्ठभाग मिळतो, तो कागदाचा. मूळ चित्रासमोर दोन पावले बाजूला सरकून तिरप्या उजेडात पाहिले, की थरांची चढउतार दिसू लागते.

प्रभाकर बरवे यांचे उदाहरण उलटे आहे. १९६१ ते १९८२ ते विणकर सेवा केंद्रात होते. वीण त्यांना आपल्याहून चांगली कळत होती. तरी कॅनव्हासवर त्यांनी एनॅमल वापरले आणि ती वीण झाकली. सपाटपणा ही तिथे निवड आहे.

अपघातानंतर मोठे कॅनव्हास पेलणे अवघड झाले, तेव्हा ऐंशीच्या दशकात गायतोंड्यांनी कागदावर शाईची लहान चित्रे केली. समीक्षक ती दोन ओळींत उरकतात. मला ती अधिक धाडसाची वाटतात. शाई कागदात मुरते. ती खरवडता येत नाही, उचलताही येत नाही. जे शस्त्र आयुष्यभर परजले, ते इथे निरुपयोगी होते.